पोटिया

एप्रिलमध्ये इंदूरच्या आमच्या रवा मिलबाहेर गव्हाच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या असतात. नमुना काढायचा, मोजून शंभर दाणे आडवे कापायचे आणि आत काय दिसतं ते लिहायचं, एवढंच माझं काम. कठिया म्हणजे ड्युरम, रव्याचा कडक गहू; त्याचा दाणा आतून काचेसारखा, मधाच्या रंगाचा हवा. पांढरा, पिठूळ डाग दिसला की तो पोटिया. अशा दाण्याचा रवा कमी पडतो, पीठच जास्त होतं, म्हणून भाव तुटतो.

त्या दिवशी सांवेरकडच्या दोन भावांच्या ट्रॉल्या एकामागोमाग आल्या. मराठी घर, इंदूरच्या रामबागेत राहणारं. वाटणी झालेली, पण बांध एकच. दोघांचाही गहू तेजस, म्हणजे एचआय ८७५९, इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातला. थोरल्यांच्या शंभर दाण्यांत ४१ पोटिया निघाले, धाकट्यांच्या ६.

थोरले उखडलेच. "बी एकाच पोत्यातलं, विहीर एक, आणि बिघ्याला पीक माझं जास्त! तुझ्या सुरीतच खोट आहे."

मी सुरी त्यांच्याच हातात दिली. "काका, तुम्हीच कापा." चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वीस दाणे कापले. सात पांढरे. पुढचे कापलेच नाहीत.

मग मी युरियाचं विचारलं. थोरल्यांचा हिशोब पाठ होता: पेरणीला डीएपी खताबरोबर निम्मा, उरलेला सगळा एकविसाव्या दिवशी, पहिल्या पाण्याला. चुकीचं अजिबात नाही. मुकुटमुळं तेव्हाच फुटतात, फुटवे तिथेच ठरतात, आणि पीक जास्त आलं ते त्यामुळेच. पण इतक्या फुटव्यांनी युरियातलं नत्र आधीच ओढून घेतलं. दाणा भरायच्या वेळी पिष्ट भरत गेलं, प्रथिनाला नत्र उरलं नाही. शरबती किंवा लोकवनला हे कुणी सुरीनं तपासत नाही, पोळी होते, संपलं. कठियाला मात्र हाच हिशोब अंगावर येतो. (युरियाची गोणीही आता ५० ऐवजी ४५ किलोची. गोण्या मोजून टाकणाऱ्याचं दर गोणीमागे दोन किलोंहून जास्त नत्र कमी होतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.)

"आणि तू?" थोरल्यांनी धाकट्याला विचारलं. दोघं महिनोन्‌महिने बोलत नव्हते, हे मला नंतर हमालानं सांगितलं.

धाकटे कसनुसे हसले. "मी कुठला हुशार! पहिल्या पाण्याला युरियाच्या रांगेत उभा राहिलो, एकच खेप मिळाली. दुसरी मिळाली तेव्हा गहू पोटरीत आला होता, ओंबी बाहेर पडायच्या बेतात. आता फुकट जाणार म्हणत टाकली आणि लगेच पाणी दिलं."

"म्हणजे तिसऱ्या पाण्याला?"

"चौथ्या."

थोरल्यांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि काट्याच्या पावतीमागे काहीतरी लिहून घेतलं. मग ट्रॉलीकडे वळताना धाकट्याला म्हणाले, "रांगेत उभा राहतोस तेव्हा मला सांगत का नाहीस रे?"