पहिल्यांदा वाढलं
आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षरस घेण्याचा विधी. जालन्यात इतकी वर्षं घेतलं, आज पहिल्यांदा वाढलं. पाळकसाहेबांनी ट्रे हातात दिला अन् पेल्यांतला द्राक्षरस डुचमळायला लागला. हात माझेच कापत होते!

शेवटच्या बाकावर एक मावशी. कापूस वेचून बोटं चिरलेली. भाकरीचा तुकडा (भाकर म्हणतो, असतो पावच) उचलताना दुसरा हात खाली धरला, चुरा सांडू नये म्हणून. एकदम आजी आठवली. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती गावची. ताटाभोवतीचे कण ती बोटानं टिपून खायची.

मी मात्र आजवर घड्याळाकडे बघत गिळायचो.

सगळ्यांचं झाल्यावर पाळकसाहेबांनी मला दिलं. दुसरा हात आपोआप खाली गेला.