शेवटची बोट चारला सुटली

विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी दोन दिवस घरात मिरवत होते. ते स्वस्त का होतं, हे मालदीवला उतरल्यावर कळलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, गुरुवार होता. इमिग्रेशन आणि सामान उरकून बाहेर आलो तर समोर थेट बोटींचा धक्का. विमानतळ हेच मुळी एक बेट, हुलहुले. आम्हाला जायचं होतं धिगुराहला, म्हणजे दक्षिणेकडे स्पीडबोटीने साधारण दोन तास. गेस्टहाउसवाल्याला फोन लावला.

"लास्ट बोट गॉन, मॅडम. फोर ओक्लॉक."

"मग उद्या सकाळची?"

"टुमॉरो फ्रायडे. आफ्टर प्रेयर."

म्हणजे दुपारनंतर! नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. ती रात्र आणि दुसरा अर्धा दिवस शेजारच्या हुलहुमालेच्या एका कोंदट खोलीत काढला. तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच गेले, वर एक दिवस गेला तो वेगळाच.

तेव्हापासून कोणी बेटावर जायचं म्हटलं की मी आधी विचारते, विमानतळावरून पुढे कशाने जाणार? बेट ठरवा, तिथल्या बोटीची वेळ विचारा आणि मगच विमान बघा. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. मालदीवमध्ये शुक्रवारी सरकारी फेरी अनेक मार्गांवर बंद असते, खाजगी स्पीडबोटींच्या वेळाही बदलतात. लांबच्या रिसॉर्टला सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जायचं असेल तर आणखी एक मेख आहे: ती विमानं फक्त उजेडात उडतात. संध्याकाळी उतरलात तर मुक्काम तिथेच. शिवाय सामान काटेकोर वजन करून घेतात, आणि जाण्यायेण्याचं भाडं माणशी शेकड्यांत डॉलर. खोलीचा दर बघून हुरळणाऱ्यांनी हा आकडा आधी विचारावा. खोलीच्या दरात बहुधा करही धरलेला नसतो. जीएसटी आहेच, त्यावर ग्रीन टॅक्स: २०२५पासून रिसॉर्टला माणशी दर रात्री १२ डॉलर, वस्तीच्या बेटावरच्या छोट्या गेस्टहाउसला ६.

रिसॉर्ट की वस्तीचं बेट, हा वाद आमच्या घरी महिनाभर चालला होता. देशात सुमारे बाराशे बेटं आहेत, पैकी वस्ती असलेली दोनशेंहूनही कमी. रिसॉर्ट म्हणजे अख्खं बेट एका हॉटेलचं. वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांना राहता येऊ लागलं ते २००९नंतर, आणि तिथे खर्च खूपच कमी. पण तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या 'बिकिनी बीच'वरच चालतात. रमजानमध्ये दिवसा खानावळी बंद असू शकतात. हे ज्याला जाच वाटेल त्याने रिसॉर्टला जावं. मला संध्याकाळी धक्क्यावर बसून बेटावरच्या बायकांचं चाललेलं बोलणं ऐकायला आवडलं. भाषा एक अक्षर कळत नव्हती, विषय बरोबर कळत होता.

हवामानाबद्दल जरा बोलते, कारण सगळे 'जानेवारी ते एप्रिल' एवढंच सांगून मोकळे होतात. ईशान्येचा वारा असतो तेव्हा आकाश कोरडं, पाणी नितळ आणि दर चढे, हे खरं. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा, पाऊस आणि खवळलेला समुद्र. पण त्याच वाऱ्याने बा अटोलच्या (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू खाडीत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, लोटले जातात आणि ते खायला मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे थव्याने येतात. म्हणजे तुम्हाला उन्हात लोळायचं आहे की मांटा बघायचे आहेत, त्यावर महिना ठरतो. आम्ही नोव्हेंबरात गेलो. रोज एखादी सर यायची, अर्ध्या तासात जायची.

शुक्रवारी दुपारी बोट मिळाली एकदाची. दृश्य चांगलं दिसेल म्हणून नवरा पुढच्या बाकावर जाऊन बसला. स्पीडबोटीचं नाक प्रत्येक लाटेवर वर उचललं जातं आणि दाणकन आपटतं. वीस मिनिटांत तो पांढराफटक होऊन मागे आला. मागे, इंजिनाजवळ, आपटणं सर्वांत कमी. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर तिचा काही उपयोग नाही.

धिगुराह म्हणजे लांब बेट. खरंच लांब आहे, सुमारे तीन किलोमीटर, आणि टोकाला वाळूचा दांडा समुद्रात शिरलेला. इथे लोक येतात ते व्हेल शार्क या माणसाला न चावणाऱ्या अवाढव्य माशासाठी. दक्षिण अरी अटोलच्या या कडेला ते वर्षभर दिसतात, बहुतेक अजून वयात न आलेले नर. निघण्यापूर्वी नियम सांगतात: अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. आम्ही तीन तास फिरलो तेव्हा एक दिसला. पाठीवर पांढरे ठिपके, तोंड रुंद, आणि पोहणं इतकं संथ की तो थांबलाय असं वाटावं. मग आपण पाय मारून मारून दमतो आणि तो निघून गेलेला असतो.

पाण्याखाली बघायच्या मास्कचं सांगायला हवं. भाड्याचा मास्क घेण्याआधी पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला एकही बसेना, मुलांचे मास्क घरूनच न्यावेत. नवऱ्याच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. बोटवाल्या पोराने बोटाने त्याच्या मिशीकडे खूण केली. मिशीवर व्हॅसलिन फासलं तेव्हा गळती थांबली, मिशी काढायला काही तो तयार झाला नाही.

आणि पाठ. पाण्यात पालथं तरंगताना ऊन जाणवतच नाही. तासाभराने माझ्या पोटऱ्या आणि गुडघ्यामागची खोबण अशी भाजली की पुढचे दोन दिवस मी खुर्चीच्या टोकावर बसत होते. सनस्क्रीन तिथे पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि पायघोळ लेगिंग हवी. प्रवाळावर उभं राहू नका. ते जिवंत असतं, मोडतं, शिवाय तळवा कापतं.

किरकोळ राहिलेलं: व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. 'इमुगा' हा सरकारी फॉर्म पोचण्याआधी ९६ तासांच्या आत भरायचा, त्यालाही पैसे पडत नाहीत. फी मागणारी साइट दिसली तर बंद करा. प्लग ब्रिटिश तीन पिनांचा. छोट्या बेटावर एटीएम असेलच असं नाही, डॉलरच्या सुट्या नोटा जवळ असू द्या. वाळू, प्रवाळ, शंख-शिंपले बाहेर नेता येत नाहीत. लेकीने खिशात घातलेला शंख तर खोलीवर येईपर्यंत चालायला लागला होता, आत खेकडा होता. तिनेच जाऊन सोडला.

परतीचं विमान दुपारी चारचं होतं. बोटी दोन होत्या, सकाळी सातची आणि अकराची. मी सातची जागा धरली.

"आपण नऊला पोचणार," नवरा म्हणाला. "विमानतळावर सात तास काय करायचं?"

"बसायचं," मी म्हटलं.