वास आला नाही म्हणून

डिसेंबरचा दुसरा आठवडा. आमदार साहेब हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात, आणि संपर्क कार्यालयात मतदारसंघासाठीचं हिवाळी पत्रक छपाईला निघालेलं. गॅसविषयी त्यात दोनच ओळी होत्या : सिलिंडर घेताना वजन करून घ्या, आणि गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून 1906 वर फोन करा. दोन्ही ओळी बरोबरच होत्या. तरीही त्या दिवशी छपाई थांबवावी लागली.

सकाळी साडेदहाला एक गृहस्थ दवाखान्याच्या मदतीसाठी पत्र मागायला आले. कॉलेजात शिकणारी मुलगी गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध सापडली होती, दार तोडून तिला बाहेर काढलं होतं. आता ती ऑक्सिजनवर होती आणि शुद्धीवर आली होती. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "दादा, गॅसचा वास जराही आला नव्हता हो."

वास येणारच नव्हता. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. इथे गळती नव्हतीच. गॅस नीट पेटला होता, पण कोंडलेल्या खोलीतला ऑक्सिजन कमी होत गेला, ज्वलन अर्धवट झालं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात; कडीपर्यंत हात पोचेलच असं नाही.

दुपारी आमच्या ओळखीच्या गॅस फिटरला घेऊन ते न्हाणीघर पाहिलं. चार बाय सहा फूट. गिझर आतल्याच भिंतीवर, सिलिंडरही आतच. वरची जाळी थंडी येते म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली. गिझरच्या वरच्या झरोक्यावर काजळी, ज्योतीची टोकं पिवळी. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की बर्नर साफ करून घेण्याची वेळ टळून गेलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मुलगी त्या सकाळी आंघोळीला तिसरी होती. आधीच्या दोघांनी गरम पाण्यासाठी जाळलेल्या गॅसची हवा आत तशीच साठलेली. पहिल्याला काही होत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसतो.

"पंखा लावला तर चालेल ना?" मुलीच्या आईने विचारलं. नुसत्या एक्झॉस्टवर विसंबू नये, असं फिटरने सांगितलं, आणि कारणही दाखवलं. खालून हवा आत यायला वाट नसेल तर पंखा बाहेर ढकलणार काय? दाराच्या तळाशी पट्ट्यांची जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झालीच तर तोही त्याच वाटेने बाहेर पडतो. पण खरा उपाय एकच : गिझर आणि सिलिंडर दोन्ही उघड्या गॅलरीत, भिंतीतून आत फक्त गरम पाण्याचा पाइप. पाइप आणि फिटिंगचा खर्च दवाखान्याच्या एका दिवसाच्या बिलापुढे काहीच नाही.

गिझर आत बसवून देणाऱ्याने पावतीही दिलेली नव्हती. अशा वेळी माहितीपुस्तिका जपून ठेवावी. बंदिस्त जागेत बसवू नये असं तिच्यात छापलेलं असेल आणि तरी तसं बसवलं असेल, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पावतीशिवाय मात्र हे सगळं फार जड जातं.

संध्याकाळी साहेबांचा नागपूरहून फोन आला. "छपाई थांबवा, आधी हे टाका," एवढंच म्हणाले. पत्रकाचं पहिलं पान बदललं. तिथे आता हे आहे : गिझर आत असेल तर दार सताड उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, हवा जाऊ द्या, मग आत जा. आतून कडी लावू नका. कुणी पडलेलं दिसलं तर श्वास रोखून शिरा, ओढून मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. आणि डॉक्टरांना "गॅस गिझर होता" हे शब्द आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडलाही ऑक्सिजन समजतो आणि आकडा चांगला दाखवतो. ही ओळ ठळक अक्षरात घेतली, कारण नेमकं इथे उपचाराला उशीर होतो.

तोच मजकूर रात्री आठला वॉर्डांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेला. दहापर्यंत सात फोन आले, सातही घरांत गिझर आतच. फिटरची वही पुढच्या आठवड्यापर्यंत भरली. तोवर त्या सगळ्यांना बादलीचाच उपाय समजावून सांगत होतो.