मासे सोडण्याआधीचे पाणी

निरनिराळ्या जातींचे उष्णकटिबंधीय मासे एकाच टाकीत ठेवायचे असतील, तर माशांची निवड करण्याआधी पाण्याची तयारी करावी लागते, आणि नेमका हाच भाग बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर या जिवाणूंना खाद्य मिळावे म्हणून टाकीत थोडा अमोनिया घालत राहावे आणि चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे, कारण ते माशांना आणि जिवाणूंनाही मारते. (स्पंजसुद्धा टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा.)

तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवल्यास निऑन टेट्रा आणि तळाशी वावरणारे कोरिडोरास एकत्र सुखाने राहतात. मात्र दोन्ही कळपप्रिय असल्याने प्रत्येकी किमान सहा घ्यावेत. एंजलफिश कितीही देखणा असला, तरी मोठा झाल्यावर तो निऑन गिळतो. त्यामुळे ही जोडी मी टाळतो.