कागदी कप

त्या हाताने चहाचा कागदी कप उचलला, तोंडाजवळ नेता नेता चुरगाळला आणि निम्मा चहा टेबलावर सांडला.

उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेला हात एका कामगार काकांना बसवून पाहत होते. काकांचा डावा पंजा पॉवर प्रेसमध्ये गेला आहे. ते ओशाळून हसले आणि म्हणाले, "धरतोय झकास, खरं किती जोरात धरलंय ते बघितल्याशिवाय कळत न्हाई."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही. स्नायू आखडला की त्वचेवर उमटणारा, फार तर काही मिलिव्होल्टचा संकेत इलेक्ट्रोड टिपतात, तो वाढवून मोटर फिरवली जाते आणि नायलॉनच्या दोऱ्या बोटे मिटवतात. मेंदूकडून हाताकडे जाणारी ही वाट आता स्वस्तात बांधता येते. परतीची वाट मात्र बहुतेक स्वस्त हातांत नसतेच. आपल्या तळहाताच्या त्वचेत स्पर्शाचे सुमारे १७ हजार संवेदक असतात. काकांकडे त्यांच्या जागी होते फक्त डोळे.

बोटांच्या टोकांना दाब मोजणारे सेन्सर लावून दंडावर कंप देता येतो, पण पोरांचा सगळा जीव पाचही बोटे सुटी हलवण्यात अडकला होता. (काकांनी ती एकदाही सुटी हलवली नाहीत.) १९६८ साली जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडला तो मात्र वापरणाऱ्याला मांडी घालून बसता यावे, अनवाणी चालता यावे, यासाठी.

निघताना काकांनी विचारले, "ह्यानं गाडीचा क्लच दाबता येईल काय?"

उत्तर कोणाकडेच नव्हते. हा प्रश्न आधी कोणी विचारला कसा नव्हता?