पितळी डबीतली कणीक

दिवे घाट चढायला लागलो आणि पाऊस आला. आधी मृदंग झाकला, मग उरलेल्या प्लास्टिकमध्ये डोकं घातलं. पुडीला, म्हणजे मृदंगाच्या तोंडावरच्या कातड्याला, ओल लागली की ती उतरते, आवाज बसतो, आणि मग वादीखालचे लाकडी गट्टे कितीही ठोका, सूर लागत नाही. हे मला गुरुजींनी आठवीत शिकवलं होतं. तोच मृदंग यंदा माझ्या गळ्यात होता. गुरुजी माघात गेले.

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, तीस-बत्तीस किलोमीटरचा, आणि त्यात एकादशीचा उपास. मृदंगाचं आठ-दहा किलोंचं खोड पट्ट्यानं गळ्यात अडकवून चालायचं, वर वाजवायचंही. आमच्या दिंडीत दोघं मृदंगी आहोत. एकाचे हात भरून आले की दुसरा उचलतो. पण घाटात मी कुणाला दिला नाही. वर पोचेपर्यंत मान अशी आखडली की सोपानकाकांच्या समाधीपुढं नीट वाकताही येईना.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, शाळा चार खोल्यांची. दिवसा गणित आणि संध्याकाळी देवळात मृदंग, दोन्ही त्याच माणसाकडून शिकलो, म्हणून मला ते कधी वेगळं वाटलंच नाही. अपूर्णांक त्यांनी मला टाळीवर शिकवले. एका टाळीत एक बोल, मग त्याच टाळीत दोन, मग चार. 'टाळी तेवढीच राहिली ना? मग चौथा हिस्सा म्हणजे काय ते सांग.' फळ्यावर तीन दिवस न कळलेलं देवळाच्या ओट्यावर एका संध्याकाळी कळलं. 'तिट कत गदि गन' तोंडानं स्पष्ट म्हणता आल्याशिवाय ते पुडीला हात लावू देत नसत. मला त्यासाठी पाच महिने लागले.

आषाढीची वारी नेमकी शाळा सुरू होताना येते. पोरांची नावं दाखल करायची, पुस्तकं वाटायची, त्या दिवसांत वीस दिवस रजा मागणं त्यांना पटायचं नाही. म्हणून नोकरीत असेपर्यंत त्यांची वारी तुकड्यातुकड्यांची होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची, पालखी जिथं असेल तिथं गाठायची, रविवारभर वाजवत चालायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. सोमवारी प्रार्थनेला ते हजर असत, कपाळाला बुक्का आणि डोळे तांबारलेले. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा आळंदी ते पंढरपूर सगळं चालले. अडीचशे किलोमीटर. मी बरोबर होतो. पंढरपूरच्या अलीकडं वाखरीला ते रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखे रडले होते.

मग काकूंना, गुरुजींच्या पत्नीला, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. मुलगा परगावी, मुलगी तिच्या संसारात. दोघंही म्हणाले आमच्याकडं या, पण काकूंना घर सोडवेना, आणि काकूंना सोडून गुरुजींचा पाय निघेना. त्या वर्षी दिंडीप्रमुख त्यांना बोलवायला घरी आले. मी तिथं होतो. गुरुजी म्हणाले, 'पुंडलिकानं विटेवर थांबवून ठेवलाय त्याला. माझ्यासाठी थांबेल की.' आणि आत जाऊन काकूंची कूस बदलून आले.

अशा आठ वाऱ्या त्यांनी घरी काढल्या. पासष्टीनंतर स्वयंपाक शिकले. पोळ्यांना कणीक मळताना गोळ्यातून लिंबाएवढा तुकडा काढून वाटीखाली झाकून ठेवायचे. काकूंना भरवून झालं, भांडी आवरली, की तोच तुकडा पाण्याचा हात लावून मऊ करायचा आणि मृदंगाच्या डाव्या पुडीला लावायचा. ज्यांनी मृदंग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या पुडीला शाईचा काळा थर कायमचा असतो, डाव्या पुडीला ओली कणीक लावल्याशिवाय खर्ज निघत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुडी कोरड्या फडक्यानं पुसायची. निघालेली कणीक गुरुजी कधी टाकत नसत, परसात मुंग्यांना घालत. रोज संध्याकाळी काकूंच्या खाटेशेजारी हरिपाठ व्हायचा, मृदंगावर. काकू डाव्या हातानं खाटेच्या कडेवर ताल धरायच्या.

२०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर तोंड पाडून बसलो होतो. वारी चुकल्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, 'ये, हरिपाठाला बस.' एवढंच. त्यांची ती तिसरी वारी होती घरातली.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी मृदंग आणायला गेलो. काकू आता मुलीकडं असतात. मृदंगाची खोळ धुऊन ठेवलेली. काकूंनी खुणेनं पिठाचा डबा मागितला, गुरुजींची पितळी डबी मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं चिमूट चिमूट करत ती भरली. अर्धं पीठ पदरावर सांडलं. लेक मदतीला वाकली तर तिला मान हलवून नको म्हणाल्या. शेवटी झाकण मात्र तिनं लावलं, ते एका हातानं बसेना.

ती डबी मी जेजुरी आणि वाल्ह्याच्या मध्ये हरवली.

विसाव्याला थांबलो तेव्हा खिशात होती, तळावर पडशी उघडली तर नाही. ज्या झाडाखाली बसलो होतो तिथपर्यंत उलटा चालत गेलो. समोरून दिंड्या येतच होत्या, माउली माउली म्हणत मी त्या गर्दीला कापत होतो. सापडली नाही. रात्री राहुटीत कुणाशी बोललो नाही. कणीक कुणाकडूनही मिळाली असती, दिंडीच्या स्वयंपाकात पोत्यानं गहू दळलेला होता. मला काकूंच्या पदरावर सांडलेलं पीठ आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान झालं, पालखी सातारा जिल्ह्यात आली. म्हणजे माझ्याच जिल्ह्यात. लोक घरचे असल्यासारखे रस्त्यावर उभे होते. मी वाजवत होतो, पण हात नुसता चालत होता. बरोबरच्या मृदंग्यानं दोनदा वळून पाहिलं.

संध्याकाळी लोणंदला समाजआरती. ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावीच. पालखी मधोमध, भोवती गोलात सगळ्या दिंड्या, शेकडो मृदंग आणि हजारो टाळ एकाच वेळी, छातीत धडधड होईल असा आवाज. चोपदार चोप उंच धरून 'हो' म्हणतात आणि क्षणात सगळं थांबतं. इतकं की पताका फडफडलेली ऐकू येते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिच्याकडं जाऊन ऐकून घेतात. गुरुजी शाळेत हेच करायचे. गोंगाट झाला की हात वर करून उभे राहायचे, ओरडायचे नाहीत. आणि ज्याला खरंच काही सांगायचं असेल तो पोरगा बोलत राहायचा, त्याच्याजवळ जायचे.

मग हरवलं-सापडलं वाचायला सुरुवात झाली. एक पिशवी. एक चष्मा. एका म्हाताऱ्या माउलींचं औषध. 'एक पितळी डबी, आत पीठ.'

माझे पाय लटपटले. आरती झाल्यावर पुढं गेलो. डबी एका आजीला सापडली होती. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या, मराठवाड्याकडच्या. म्हणाल्या, 'पीठ बांधून कोण नेतंय म्हनलं, मग पोरानं सांगितलं मृदंगाचं असंल. ओलं व्हायला नगं म्हनून तुळशीच्या बुडात ठिवली व्हती.' झाकणाला माती लागली होती. मी पाया पडायला वाकलो तर त्या माझ्या आधी वाकल्या. वारीत हे असंच असतं, तरी त्या दिवशी मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व दोन्ही रांगांमधून धावत गेले, मागं माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावली. सकाळीच मी डबीतली कणीक भिजवली होती. गुरुजींच्या पुडीला ती लावली आणि पहिली थाप मारली तेव्हा जो खर्ज आला तो मी आठवीपासून ओळखतो. त्या दिवशी मला कुणी बदली मागितली नाही.

फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. पुढचे दिवस पाय फुटण्यात आणि हरिपाठात गेले.

पंढरपुरात दर्शनाची रांग कुठवर गेली होती ते पाहून मी कळसाला हात जोडले आणि नामदेव पायरीवर माथा टेकला. त्याच्या आधी चंद्रभागेत स्नान आणि वाळवंटातल्या पुंडलिकाचं दर्शन. गुरुजींचा क्रम तोच असायचा, अर्ध्या वाऱ्या करायचे तेव्हाही. तिथं उभा राहून मी मृदंगाची खोळ सोडली नाही. नुसता गळ्यात घेऊन थांबलो, मागचा माणूस सरका म्हणेपर्यंत.

परत आल्यावर काकूंकडं गेलो. चुरमुरे, बुक्का, तुळशीची माळ त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी माळ डोळ्यांना लावली, बुक्का कपाळाला. मग माझ्या खिशाकडं बोट केलं. मी डबी दिली. डाव्या हातानं ती कानाजवळ नेऊन त्यांनी हलवून पाहिली, आत तळाला थोडं पीठ होतं. ते त्यांनी तळहातावर ओतायला लावलं, लेकीच्या खांद्याला धरून परसदारी आल्या आणि भिंतीकडेच्या मुंग्यांच्या रांगेजवळ हात उपडा केला.