एका बीतून तीन

आज जंबेरीची (कलमांना खुंट म्हणून लावतात त्या लिंबाची) रोपं वाफ्यातून काढून पिशव्यांत लावत होतो. एका बीला तीन कोंब निघाले. दोन ठणठणीत, तिसरा दोऱ्याएवढा. सवयीने तो खुडायला गेलो, तर लेक म्हणाली, "बाबा, यातलं आईसारखं कोणतं?"

हात थांबला.

ते दोन जाड कोंब बहुतेक आईच्याच, म्हणजे ज्या झाडाचं बी त्याच्याच, पेशींतून आलेले, हुबेहूब तिच्यासारखे. खुंटाला, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या भागाला, तेच हवेत; मग त्यावर डोळा भरून (दुसऱ्या झाडाची कळी बसवून) केलेली सगळी झाडं सारखी वाढतात. परागकण येऊन नवं जन्मलेलं रोप बऱ्याचदा असंच मागे पडलेलं असतं. इतकी वर्षं मी तेच उपटून टाकत आलो.

आज ते वेगळ्या कुंडीत लावलंय. मुळाशी बीचं टरफल अजून चिकटलेलं होतं, तसंच राहू दिलं. फळ दिसायला बरीच वर्षं जातील.

तुमच्यापैकी कुणी असं रोप वाढवून पाहिलंय का?